सहा तास झाकण उघडायचं नाही

ते भांडं साहेबांनी ओट्यावर ठेवलं तेव्हा मला ते भात शिजवायचं वाटलं. बाहेरून पांढरं, आत काळ्या चिनीमातीचं पातेलं, वर काचेचं झाकण आणि पुढं एक बटण. "हे हळू शिजवायचं भांडं," साहेब म्हणाले. "विजेवर चालतं. सकाळी लावायचं आणि विसरून जायचं, ताई."

मी तेव्हा एका सहकारी साखर कारखान्याच्या गेस्टहाऊसवर स्वयंपाकाला होते. कारखाना आमच्या बीड जिल्ह्यातलाच. पाऊस न झाल्याचं ते दुसरं वर्ष. ऊसच नव्हता, त्यामुळं गाळप झालं नाही. ज्या आवारात एरवी दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या तिथं कुत्री आडवी पडलेली असायची. कारखाना बंदच आहे तर बॉयलरच्या नळ्या बदलून घ्याव्यात असं संचालकांनी ठरवलं, आणि त्या कामावर हे साहेब आले. मंगळूरकडचे ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मऊ. तीन महिने एकटेच राहणार होते.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मी वाढेन ते खाल्लं. पिठलं, ज्वारीची भाकरी, शेपू, रविवारी कोंबडी. मग एका दुपारी ताट बाजूला सरकवून त्यांनी विचारलं, "ताई, इथं डुकराचं मटण मिळतं का?"

मी ऐकू न आल्यासारखं करून पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेले.

मी मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. मटण आम्हाला नवं नाही. बोकड कापून, सोलून, आतडी उलटी करून धुण्यापर्यंत सगळं मी लहानपणापासून केलंय. त्यात मला कधी काही वाटलं नाही. पण डुकराचं नाव काढलं तरी माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटायचं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

माहेरी आम्ही बाया-पोरी पहाटे टमरेल घेऊन ओढ्याच्या कडेला जायचो. आम्ही बसायच्या आधीच डुकरं येऊन उभी राहायची. एका हातानं परकर सावरायचा आणि दुसऱ्या हातानं ढेकळं मारायची. उठायच्या आत ती मागं घुसायची. एकदा एका डुकरिणीचं ओलं नाक माझ्या मांडीला लागलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. घरी येऊन ती जागा मी राखेनं घासली, लाल होऊन चुरचुरेपर्यंत घासली, तरी ओल तिथंच आहे असं वाटत राहिलं.

आणि दुसरी गोष्ट कारखाना बंद होता त्या दुष्काळातली. जनावरांच्या छावणीमागं एक म्हातारा बैल मरून पडला होता. तिसऱ्या दिवशी मी तिथून कामावर चालले होते तर बैलाचं पोट हलताना दिसलं. मला वाटलं, जीव आहे की काय. चार पावलं जवळ गेले. पोटातून एक डुकरीण मागं सरत सरत बाहेर आली, कानापर्यंत काळी-लाल झालेली. तिच्या मागं तिची पिल्लं निघाली. त्या दिवशी मी काहीच खाल्लं नाही.

साहेबांनी मग मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, साहेब म्हणतेत ते करून घाला."

"मला व्हायचं न्हाई."

"तुमाला खायला कोण सांगतंय? शिजवायचं तेवढं. ह्ये गेले तर दुसरा मानूस कुठून आनायचा? बॉयलर पेटला न्हाई तर फुडल्या वर्षी तुमचे मालक तरी कुठं जातेल?"

माझे मालक कारखान्याच्या वजनकाट्यावर होते.

कारखान्याच्या मागच्या माळावर दगड फोडणाऱ्या लोकांची वस्ती होती. तिथं एक बाई डुकरं पाळायची. शनिवारी संध्याकाळी साहेबांनी निरोप धाडला आणि रविवारी दिवस उगवता मला डबा घेऊन पाठवलं. वस्ती लांबून दिसायच्या आधी वास आला. मी पदर नाकाला लावला. ती बाई माझ्याच वयाची, उंच, हाताला घट्टे पडलेले. दगडाच्या कुंपणात तिची पाच-सहा पांढरी डुकरं होती. एक कापून झालं होतं. फळीवर अर्धं पडलेलं होतं आणि त्याच्या कातडीवर माणसाच्या दाढीसारखे खुंट होते.

"कावून नाक धरलंय अक्का?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "माजी डुकरं हागनदारीवर जात न्हाईत. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवरचं उरलेलं शिळं आनते मी, टमटमनं. भाकरी, भात, डाळ. मानसाला मिळंना तसलं खातेत ती."

मी मान हलवली. तिनं बरगडीच्या बाजूनं हाडासकट जाड कापं पाडली. प्रत्येक कापाला बोटभर पांढरी चरबी. कोयता हाडातून जाताना जो आवाज आला तो बोकडाच्या हाडाचाच होता, पण मला तो सोसला नाही. मी कुंपणाच्या कडेला जाऊन ओकले.

ती तांब्याभर पाणी घेऊन आली. चार दिवसांनी टँकर येणाऱ्या वस्तीत तो तांब्या काठोकाठ भरलेला होता. मी नको म्हणून हात केला. तांब्या परत नेऊन तिनं पाणी हंड्यात ओतलं. डब्याचं झाकण लावताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

गेस्टहाऊसवर साहेब बाह्या वर करून तयारच होते. त्यांनी स्वतः गॅसवर कातडीचे खुंट जाळले. केस जळाल्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात भरला. मी दारात उभी राहून पाहत होते आणि ते शिकवत होते, शाळेतल्या मास्तरासारखं. आधी कापांना मीठ-मिरपूड चोळायची. मग तवा तापवून दोन्ही बाजू लाल करायच्या. त्यात तेल घालायचं नाही, चरबी आपोआप सुटते. पातेल्यात खाली कांद्याच्या जाड चकत्या, लसणाच्या पाकळ्या, वर कापं, त्यावर मिरचीपूड, गूळ आणि व्हिनेगर. पाणी फक्त वाटीभर.

"वाटीभर पाणी, ताई. दुष्काळात याच्यासारखं भांडं नाही," ते हसून म्हणाले. "आता सहा तास झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की अर्धा तास मागं गेलो."

ते बॉयलरवर निघून गेले. मी आणि ते भांडं उरलो. पहिला तासभर काही झालं नाही. मग काचेच्या आतून घाम फुटला. थेंब जमायचे, ओघळायचे, पुन्हा जमायचे. उकळी नाही, आवाज नाही, वाफेचा जोर नाही. मटण रटरटलं की मला कळतं ते कुठवर आलंय. हे नुसतं गरम होऊन बसलं होतं, तापानं फणफणलेल्या माणसासारखं. वास मात्र सगळीकडं गेला. तो वाईट होता असंही म्हणता येत नाही. कांदा, लसूण आणि गुळाचा वास चांगलाच होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक होता, जड, दुधाळ. तांदूळ निवडताना तो माझ्या घशात बसला. साहेबांचा दोनदा फोन आला. "उघडलं नाही ना?"

दुपारी दोन वाजता त्यांनी झाकण काढलं आणि चमच्याची कड लावली. मांस हाडावरून आपोआप खाली पडलं. साहेबांनी डोळे मिटले. "ताई, असं माझी आई करायची," ते म्हणाले. "फक्त ती मातीच्या मडक्यात करायची, निखाऱ्यावर." त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारी चरबी पाहत होते.

खरी शिसारी आली ती भांडी घासताना. ऐन उन्हाळ्यातही ती चरबी पातेल्याला, ताटाला, मोरीच्या कडेला बुळबुळीत चिकटून बसली. गेस्टहाऊसला दिवसाला दोन टिपाडं पाणी होतं आणि त्यातच सगळं भागवायचं. राख लावली, शिकेकाई लावली, गरम पाण्याचा तांब्या फिरवला. चरबी भांड्यावरून निघाली आणि माझ्या हाताला लागली. बोटं एकमेकांवरून घसरत होती. नखांत गेलेली तर निघेचना.

घरी गेले तर सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. दुष्काळात विकून, मरून त्यांची सतरा मेंढरं उरली होती. छावणीत गाई-बैलांना जागा होती, मेंढरांना नव्हती. त्या दिवसभर बाभळीच्या शेंगा पाडून त्यांना चारत. मी उंबऱ्याशी आले तशी त्यांनी नाक वर केलं.

"काय शिजवलंस गं?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. मी सांगितलं.

"मग तितंच थांब. आंगुळ केल्याबिगर चुलीपाशी यिऊ नगंस."

"आत्याबाई, पानी हाय का आंगुळीला?"

त्यांनी हंड्याकडं पाहिलं. आमच्या घराला चार दिवसांत आठ हंडे. त्यातले तीन उरले होते, आणि मेंढरांनाही पाजायचं होतं. मालक आतून म्हणाले, "जाऊ दे की आई, हात धुतल्यात तिनं." आत्याबाईंनी स्वतःच पीठ मळायला घेतलं. त्या संध्याकाळी मी माझ्याच घरात पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसले. भाकरी त्यांनी माझ्या ताटात वरून टाकली.

पुढच्या रविवारपासून मी एक मार्ग काढला. कारखान्याचं गरम पाणी गार करायचं एक मोठं उघडं टाकं होतं. गाळप बंद असल्यामुळं त्यात तळाला गुडघाभर पाणी उरलं होतं, हिरवं, वर साय धरलेलं, मळीच्या आंबट वासाचं. काम संपलं की मी बादली सोडून ते काढायचे आणि पंपघराच्या भिंतीमागं अंगावर घ्यायचे. डुकराचा वास घालवायला मी सडक्या मळीत न्हात होते. अंगाला खाज सुटायची. वेणीत हिरवे धागे अडकायचे. तसंच घरी जायचं आणि आत्याबाईंना ओले केस दाखवायचे. त्या हुंगायच्या, आणि चुलीकडं जाऊ द्यायच्या.

चौथ्या की पाचव्या रविवारी लाइट गेली. मे महिना होता. नऊला भांडं लावलं आणि दहाला वीज गेली ती तीनला आली. साहेब दुसऱ्या टोकाला बॉयलरच्या पोटात शिरलेले, फोन लागेना. झाकण उघडायचं नाही एवढंच मला माहीत होतं. मी उघडलं नाही. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात भांडं पाच तास कोमट बसून राहिलं. वीज आल्यावर बटणावरचा दिवा परत लागला, भांडं पुन्हा तापायला लागलं, आणि मला वाटलं, होईल आता.

संध्याकाळी पाचला साहेब भुकेले आले आणि त्यांनी झाकण उचललं. वर करडी साय आली होती आणि तिच्यात बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. वास गोडसर होता. सडका असता तर परवडला असता. तो गोड वास माझ्या तोंडात चव होऊन उतरला. साहेब दोन पावलं मागं सरले. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"टाकून द्या, ताई. लांब टाका."

जमीन दगडासारखी झाली होती, पुरायला खड्डा खणणार कोण. मी पातेलं हातभर लांब धरून कंपाऊंडच्या मागच्या नाल्यात पालथं केलं. साहेब मागून आले होते, भांडं नीट रिकामं झालं का बघायला. मी सरळ व्हायच्या आत नाल्याच्या नळातून गावातली काळी डुकरं बाहेर आली. चार होती. आधी हुंगलं, मग तोंड घातलं. हाडं कडाकडा फोडली. एकीनं दुसरीला ढुशी देऊन चरबीचा मोठा तुकडा ओढून नेला. डुकरं डुकराला खात होती आणि त्यांच्या शेपट्या हलत होत्या.

साहेब कंपाऊंडच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमच्याकडची डुकरं कोंडा खातात, ताई," ते म्हणाले. "फणस खातात."

माझ्या मनात एक वाईट आनंद झाला होता, तो लपवायला मी पातेलं खाली ठेवून मातीनं घासायला लागले. पुढचा रविवार त्यांनी अंडी खाल्ली. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या रविवारी सकाळी ते दारात आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "ताई, वीज राहील आज. मी विचारून घेतलंय." तेव्हा मला कळलं की त्यांची किळस तेवढीच होती.

तोवर गावात माझं नाव झालं होतं. देवळाच्या भंडाऱ्याला दर वर्षी मी पुऱ्या लाटायला जायचे. त्या वर्षी मी पोळपाट-लाटणं घेऊन गेले तर एका संचालकांच्या पत्नीनं मला हळूच बाजूला घेतलं. "तू पत्रावळी मांड," ती म्हणाली. "पिठाला हात लावू नको, लोक बोलतेत." मी पत्रावळी मांडल्या. मला तिचा राग आला नाही हे सांगायला हवं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

पंधरा दिवसांनी तेच संचालक आणखी सात-आठ जणांना घेऊन गेस्टहाऊसवर येणार असल्याचा निरोप आला. बॉयलरचं काम संपत आलं होतं, साहेब जाणार होते, म्हणून दुपारचं जेवण. मॅनेजर खाली बघत म्हणाले, "त्या भांड्यातलंच करायचंय. साहेबांनी लई तारीफ केली. बोभाटा करू नका."

"मी न्हाई करनार," मी म्हणाले.

"इतके दिवस केलं की."

"साहेबांचं केलं. त्यांच्या घरात खातेत, त्यांनी मागितलं. ह्यांच्या घरच्यांनी मला पिठाला हात लावू दिला न्हाई. हात ह्येच हायत माजे."

मॅनेजरांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी त्या वस्तीवरच्या बाईलाच स्वयंपाकाला बोलावलं. तिनं भांड्याकडं एकदा पाहिलं, बाजूला ठेवलं, आणि मोठ्या पातेल्यात चुलीवर दोन तासांत मटण मऊ केलं. मी फक्त भाकऱ्या थापल्या. पडद्यापलीकडं ते लोक जेवले. हाडं चोखल्याचे आवाज येत होते, मध्येच ढेकर. एकानं हात ताटातच धुतले आणि ताटात गुळणी टाकली. बाकीच्यांनीही तसंच केलं. ती ताटं मोरीत आली तेव्हा पाण्यावर चरबीचे गोळे, भाकरीचे भिजके तुकडे आणि थुंकी तरंगत होती. डुकराच्या मटणाचीही मला इतकी किळस कधी आली नव्हती.

आम्ही दोघी एका बादलीवर भांडी घासायला बसलो. माझ्या घशातून आवाज निघाला तशी तिनं मान वर केली.

"येती मलाबी," ती म्हणाली. "लोकांचं उष्टं न्हाई सोसत. डुकराचं काई न्हाई वाटत."

"मला डुकराचंबी वाटतं."

"ठाव हाय की." ती हसली, आणि म्हणाली, "राग नका धरू अक्का. पर तुमी पैल्यांदा आल्तात न्हवं वस्तीवर, तवा माजाबी जीव घाबरला. मेंढरांचा वास. वल्या लोकरीचा. तुमच्या लुगड्यालाच हाय तो. मी डबा भरूस्तर श्वास धरून उबी होते."

मी हातातलं ताट घासत राहिले. कानापर्यंत गरम झाले होते. मला तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. तिनं शेवटची वाटी विसळली, हात झटकले, उरलेलं मटण डब्यात भरून घेतलं आणि माळाच्या वाटेला लागली.

साहेब त्या आठवड्यातच गेले. भांडं मला देऊन जात होते, मी घेतलं नाही, मग ते मॅनेजरांनी नेलं. पुढच्या वर्षी पाऊस बेताचा झाला आणि कारखाना दोन महिने चालला. त्या हंगामानंतर मी गेस्टहाऊसचं काम सोडलं. आजवर मी डुकराचं मटण चाखलेलं नाही, चाखणारही नाही. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणी मागवलं तरी मी उठून दुसरीकडं बसते.

पण त्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर मी आत्याबाईंना त्या बाईचं बोलणं सांगितलं. त्या मेंढरांना पाणी पाजत होत्या. हातातलं घमेलं त्यांनी खाली ठेवलं.

"आपल्या मेंढरांला वास?" त्या म्हणाल्या. "कुनाला येतो वास?"

त्यांनी जवळचं कोकरू उचललं, त्याच्या मानेच्या लोकरीत नाक खुपसलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला, लेकराच्या टाळूचा घ्यावा तसा. "न्हाई येत," म्हणाल्या, आणि कोकरू माझ्याकडं केलं. मीही नाक लावलं. जन्मापासून मी त्या जनावरांत वाढले होते, त्यांच्यात झोपले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वास आला. तुपट, घामट, मुतात भिजलेल्या गोणपाटासारखा.

"येतो का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.